टोपी कुणाची, डोकं कुणाचं?

 आज आपण जुन्या छापील चित्रांविषयी बोलणार आहोत, आणि त्यातही चित्रातल्या माणसांच्या डोक्यावर काय आहे त्याविषयी. विषय ऐकून कुणी म्हणेल, टोप्यांचा आणि आपला काय संबंध? पण जरा आपल्याच बोलण्याकडे कान द्या. कुणी फसवलं तर आपण म्हणतो, त्यानं टोपी घातली. कुणी शब्द फिरवला तर म्हणतो, त्यानं पगडी फिरवली. घराण्याची अब्रू पागोट्यात असते असं जुनी माणसं सांगायची. आणि बाईची अब्रू कुठं? डोक्यावरच्या पदरात. पदर ढळला तर चर्चा, पदर घेतला नाही तर टोमणा. म्हणजे डोक्यावरचं कापड हे नुसतं ऊन-वारा अडवायला नसतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हीच गोष्ट दूरच्या देशांतही होती, आणि ती तिथल्या जुन्या चित्रांत स्पष्ट दिसते. त्यातली तीन चित्रं मी आज तुम्हाला सांगणार आहे. एकीच्या डोक्यावर दुसऱ्यांची टोपी आली. एकानं आपली टोपी स्वतः विचार करून घातली. आणि तिसऱ्या ठिकाणी बायकांनी टोपी मागितली, तर त्यांचं सगळं मंडळच बंद केलं.

तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र

आधी ही चित्रं व्हायची कशी ते सांगते. फोटो नव्हता तेव्हा राजा कसा दिसतो, राणी कशी दिसते, हे सामान्य माणसाला कळणार कसं? रंगीत तसबीर श्रीमंताच्या दिवाणखान्यात. ती एकच असायची. मग कोरीव चित्राची पद्धत आली. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा आणि टोकदार पोलादी हत्यारानं त्यावर बारीक रेघा कोरायच्या. आपल्या लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसंच काम, पण कितीतरी बारीक. मग त्या रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचं. रेघांतली शाई कागदावर उतरते. चित्र उलटं उमटतं, डावं उजवीकडे जातं, म्हणून अक्षरं पत्र्यावर उलटीच कोरावी लागतात. एका पत्र्यातून शेकडो चित्रं निघायची, आणि ती दुकानात सुटी विकली जायची.

आपल्याकडेही ही विद्या आली होती. मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. ते कोरण्याचं काम तांबटाच्या हातचं होतं.

तर अशा कोरीव चित्रात रंग नसतो. नुसत्या काळ्या रेघा. मग माणूस कोण, मोठा की लहान, हे बघणाऱ्याला कसं कळणार? कपड्यांवरून, आणि सगळ्यात आधी डोक्यावरून. मुकुट असला तर राजा, तुरा असला तर सरदार, साधी कापडी टोपी असली तर कामकरी. इंग्लंडमध्ये तर यासाठी कायदेही झाले. १५७१ साली तिथे असा कायदा झाला की सहा वर्षांवरच्या सामान्य माणसानं रविवारी आणि सणाच्या दिवशी देशात विणलेली लोकरीची टोपी घातलीच पाहिजे, नाहीतर दंड. लोकर विणणाऱ्यांचा धंदा चालावा म्हणून तो केला होता. पण सरदार, जमीनदार आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांना सूट होती. मग झालं काय, की लोकरीची टोपी दिसली की हा साधा माणूस, हे लांबूनच ओळखू यायचं. १५९७ साली तो कायदा रद्द झाला. पण टोपीवरून माणूस जोखायची सवय अशी एका कायद्यानं येत नाही आणि एका कायद्यानं जातही नाही.

पहिलं चित्र : मातोआका

आता पहिलं चित्र. साल १६१६, गाव लंडन. चित्र कोरणारा सिमोन व्हॅन द पास नावाचा हॉलंडकडचा तरुण कारागीर. चित्रात एक तरुण बाई आहे. डोक्यावर उंच, रुंद काठाची हॅट, तिच्याभोवती नक्षीदार पट्टा. गळ्याशी जाळीची ताठ कॉलर. अंगावर वेलबुट्टीचा भारी झगा. कानात मोती, हातात पिसांचा पंखा. इंग्लंडमधल्या एखाद्या मोठ्या घरची बाई वाटावी असा थाट. पण चेहरा इंग्रज नाही. गालाची हाडं वर आलेली, नजर सरळ आपल्याकडे लागलेली.

चित्राच्या कडेनं लॅटिन भाषेत लिहिलंय : मातोआका, उर्फ रिबेका, व्हर्जिनियाच्या बलाढ्य राजा पोवाटानची मुलगी. वय २१. खाली इंग्रजीत आणखी माहिती, की हिनं ख्रिस्ती धर्म घेतला आणि ही रॉल्फसाहेबांची बायको. जगाला ही बाई पोकाहोंटस या नावानं माहीत आहे. तुमच्या मुलांनी तिचं कार्टूनही पाहिलं असेल. पण पोकाहोंटस हे नाव या चित्रात कुठेच नाही. ते तिचं लाडाचं नाव होतं, खोडकर मुलीला म्हणावं तसं. मातोआका हे तिचं खरं, आपल्या माणसांतलं नाव. परक्यांना खरं नाव कळलं तर ते त्याचा वापर करून अपाय करतील, अशी त्या लोकांची समजूत होती, असं त्या काळच्या एका इंग्रज लेखकानं लिहून ठेवलंय. आणि तिसरं नाव रिबेका, धर्म बदलताना मिळालेलं. तीन नावं, एक बाई.

तिची हकीकत ऐका. १६०७ साली इंग्रजांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर जेम्सटाऊन नावाची वसाहत केली. तिथे तिच्या वडिलांचं राज्य होतं, सुमारे तीस जमातींचं. इंग्रजांना शेती साधेना, ते उपाशी मरू लागले. त्यांना मक्यासाठी या लोकांच्या तोंडाकडे बघावं लागायचं. ही तेव्हा दहा-अकरा वर्षांची पोर, वसाहतीत ये-जा करायची. पुढे भांडणं वाढली. १६१३ साली, ती सतराएक वर्षांची असताना, सॅम्युअल अर्गॉल नावाच्या इंग्रज कप्तानानं तिला फसवून जहाजावर नेलं आणि ओलीस धरलं. फसवण्यात शेजारच्या जमातीचा एक सरदार आणि त्याची बायको सामील होते. मला जहाज आतून बघायचंय, असा हट्ट त्या बाईनं धरायचा आणि सोबत म्हणून हिला घेऊन जायचं, असं ठरलं होतं. त्या बदल्यात त्या जोडप्याला काय मिळालं? तांब्याची एक किटली. इंग्रजांनी तिच्या वडिलांकडे आपले कैदी, हत्यारं आणि मका मागितला.

कैदेत असतानाच तिला इंग्रजी आणि ख्रिस्ती धर्म शिकवला. तिचं नाव रिबेका झालं. १६१४ च्या एप्रिलमध्ये जॉन रॉल्फ या तंबाखू पिकवणाऱ्या इंग्रजाशी तिचं लग्न झालं. तिला हे लग्न मनापासून हवं होतं की सुटकेची दुसरी वाटच नव्हती, यावर आजही वाद होतात. तिनं स्वतः लिहिलेलं एक अक्षरही आपल्याकडे नाही. जे आहे ते सगळं इंग्रज पुरुषांनी लिहिलेलं. लग्नानंतर काही वर्षं लढाया मात्र थांबल्या. पोरीच्या लग्नानं दोन घराण्यांचं वैर मिटवायचं, ही रीत आपल्यालाही नवी नाही.

१६१६ साली व्हर्जिनिया कंपनीनं तिला नवरा आणि तान्ह्या मुलासह लंडनला आणलं. ही कंपनी म्हणजे वसाहतीत पैसा गुंतवणाऱ्या व्यापाऱ्यांची. धंदा तोट्यात होता. पैसे उभे करायला लॉटरीच्या सोडती काढण्यापर्यंत वेळ आलेली. आता लोकांना दाखवायला एक राजकन्या मिळाली. बघा, तिकडचे लोक कसे सुधारतात, आपला धर्म घेतात, आपले कपडे घालतात, तेव्हा लावा बिनधास्त पैसे. त्या काळात निघालेलं हे चित्र. कंपनीच्या सगळ्या कामाला ते पोषकच होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर ती जाहिरातच होती.

आता परत त्या हॅटकडे या. अशा उंची हॅटा बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांपासून बनत. पाण्याकाठी राहणारा, घुशीच्या जातीचा पण खूप मोठा प्राणी तो. त्याचे केस ठासून, दाबून जाड कापड करायचं, आपल्या बुरणूसासारखं, आणि त्याला आकार द्यायचा. युरोपात हे प्राणी मारून मारून संपत आले होते, म्हणून कातडी अमेरिकेहून येऊ लागली होती. म्हणजे जिथून ही मुलगी आणली, त्याच खंडातून तसल्या हॅटांचा मालही यायचा. ती हॅट सांगते की ही बाई आता श्रीमंत इंग्रजांपैकी आहे.

पण त्या हॅटखाली काय झाकलं गेलं? तिच्या लोकांत डोक्यावरूनच बाई ओळखू यायची. लग्नाआधी मुलींचे पुढचे आणि बाजूचे केस भादरत, मागे लांब ठेवून वेणी घालत. लग्न झाल्यावर केस सारखे वाढवत. बायका अंगावर गोंदवूनही घेत, फुलं, पक्षी, नक्षी. आपल्या आज्यांच्या हातावर गोंदण असतं, तसंच. जसं आपल्याकडे कुंकू, जोडवी, गोंदण बघून बाईची माहिती कळते, तशी तिच्या माणसांना तिची माहिती केसांवरून, गोंदणावरून कळली असती. चित्रात यातलं काही नाही. केस हॅटखाली गेलेत. तिच्या आईनं हे चित्र पाहिलं असतं, तर त्यात ओळखीचं तिला काय सापडलं असतं? चेहरा, आणि ती नजर. बाकी काही नाही.

आणि एवढं इंग्रजी करूनही लंडननं तिला आपलं मानलं का? जॉन चेंबरलेन नावाचा एक लंडनकर पत्रं लिहिण्यात पटाईत होता. त्यानं १६१७ साली हे चित्र आपल्या मित्राला पाठवलं आणि सोबत टोमणा मारला, की बाई काही देखणी नाही, पण नटवली अशी की नवरा-बायको कुणी मोठी असामी वाटावीत. कंपनी हिच्या खर्चाला आठवड्याला चार पौंड देते, हेही त्यानं खोचून लिहिलं. गावंढळ राहिली तर रानटी, आणि नटली तर सोंग. सुनेचं कसंही वागणं चुकतंच, असली तऱ्हा.

तिच्या स्वतःच्या मनात काय होतं, याची एकच खूण उरली आहे. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज, तिच्या लहानपणीचा ओळखीचा, तिला इंग्लंडमध्ये भेटायला गेला. तो मेला असं तिला सांगण्यात आलं होतं. त्याला बघून तिनं तोंड फिरवलं आणि दोन-तीन तास ती एक शब्द बोलली नाही. मग बोलली तेव्हा जुन्या वचनांची आठवण दिली आणि तुमच्या देशातले लोक फार खोटं बोलतात, या अर्थाचं तोंडावर सुनावलं. हे स्मिथनंच पुढे लिहून ठेवलं.

१६१७ च्या मार्चमध्ये ती परत घरी निघाली. जहाज टेम्स नदीतच होतं, तेव्हा ती आजारी पडली. ग्रेव्हसेंड गावी तिला उतरवलं, आणि तिथेच ती गेली. २१ मार्चला तिथल्या चर्चमध्ये तिचं दफन झालं. पुढे १७२७ साली ते चर्च आगीत गेलं, त्यामुळे तिच्या थडग्याची नेमकी जागाही आज माहीत नाही. तिला समोर बसवून काढलेलं म्हणून हे एकच चित्र मागे राहिलं. पुढे त्यावरून एका चित्रकारानं रंगीत तसबीर केली. त्यात तिचा रंग उजळ केला, केस भुरे केले, चेहरा इंग्रज बाईसारखा केला, आणि खाली नवऱ्याचं नावही चुकीचं लिहिलं. हॅट मात्र तशीच ठेवली.

हॅटची गोष्ट इथे संपत नाही. १६२० साली, म्हणजे ती जाऊन तीनच वर्षं झाली तेव्हा, इंग्लंडच्या जेम्स राजानं लंडनच्या धर्मगुरूंना सांगितलं की चर्चमध्ये बायकांविरुद्ध बोला. कशाबद्दल? रुंद काठाच्या हॅटा घालतात, केस आखूड कापतात, पुरुषांसारख्या वागतात! म्हणजे परक्या मुलीच्या डोक्यावर हॅट आली तेव्हा ती सुधारणा, आणि घरच्या बाईनं आपल्या हौसेनं घातली तेव्हा तो उद्धटपणा.

दुसरं चित्र : म्हातारबाबांची केसाळ टोपी

दुसरं चित्र पुरुषाचं आहे, आणि थोडक्यात सांगते. १७७६ साली अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. त्यांना फ्रान्सच्या राजाची मदत हवी होती. मदत मागायला पाठवलं बेंजामिन फ्रँकलिन या सत्तर वर्षांच्या गृहस्थाला. पॅरिसमध्ये तेव्हा बड्या लोकांत खोट्या केसांचे टोप घालायची आणि त्यावर पांढरी भुकटी टाकायची रीत. फ्रँकलिन गेला तो साधा कोट आणि डोक्यावर केसाळ कातड्याची टोपी घालून. टोपी कॅनडाच्या प्रवासातून आणलेली, थंडीसाठी.

पॅरिसचे लोक वेडे झाले. वाटलं, हा रानातला ऋषी आला, साधा, खरा, निर्मळ. खरं तर फ्रँकलिन रानातला नव्हताच. छापखान्याचा मालक, मोठा शास्त्रज्ञ, वर्षानुवर्षं लंडनमध्ये राहिलेला मुरलेला राजकारणी. पण त्यानं हेरलं की ही टोपी आपलं काम करतेय. १७७७ च्या फेब्रुवारीत त्यानं एका मैत्रिणीला पत्रात गमतीनं लिहिलंय, की या भुकटी लावलेल्या डोक्यांत माझं ध्यान कसं दिसत असेल याची कल्पना कर! त्याच वर्षी कोशँ या चित्रकारानं त्याचं टोपीसकट चित्र काढलं आणि सेंट-ओबँ या कारागिरानं ते तांब्यावर कोरलं. टोपी, चष्मा, विंचरून सोडलेले पांढरे केस. त्याचा चेहरा चित्रांवर, पदकांवर, तपकिरीच्या डब्यांवर सगळीकडे गेला. पुढे त्यानं मुलीला लिहिलं, की तुझ्या बापाचं तोंड आता चंद्राइतकं ओळखीचं झालंय. १७७८ च्या फेब्रुवारीत फ्रान्सनं अमेरिकेशी करार केला. तो काही टोपीमुळे झाला नाही, राजांचे हिशेब वेगळे असतात. पण लोकांचं मन जिंकायला टोपी उपयोगी पडली.

आता फरक बघा. दोघंही अमेरिकेतून समुद्र ओलांडून आले. दोघांची चित्रं निघाली, दोघांच्या चित्रांचा उपयोग पैसा आणि मदत मिळवायला झाला. मातोआकाला परक्यांसारखं दिसावं लागलं, तेव्हा लोकांनी तिला राजकन्या म्हटलं. फ्रँकलिन परक्यांसारखा दिसला नाही, म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच्याकडे निवड होती आणि तिच्याकडे नव्हती. कपड्यात सत्ता नसते. तो कपडा कुणी ठरवला, त्यात ती असते.

तिसरं चित्र : लाल टोपी

तिसरी गोष्ट फ्रान्सचीच, पंधराएक वर्षांनंतरची. राजाविरुद्ध क्रांती झाली. क्रांतीची खूण होती लाल मऊ टोपी. प्राचीन रोममध्ये गुलामाला मोकळं करताना टोपी देत असत, म्हणून टोपी म्हणजे स्वातंत्र्य. २० जून १७९२ रोजी पॅरिसचे लोक राजवाड्यात घुसले आणि सोळाव्या लुई राजाला लाल टोपी घालायला लावली. लगेच छापखानेवाल्यांनी राजाच्या जुन्याच चित्रावर लाल टोपी चढवून ते बाजारात आणलं. मुकुट असलेल्या डोक्यावर कामकऱ्याची टोपी! पुढच्या जानेवारीत राजाला मृत्युदंड झाला.

मग राजाच्या जागी देशाची खूण म्हणून कुणाचं चित्र घ्यायचं? नव्या राज्यानं एका बाईचं चित्र घेतलं. शिक्क्यावर एक बाई उभी, हातात भाला आणि भाल्याच्या टोकावर ती टोपी. पुढे पुढे टोपी त्या बाईच्या डोक्यावरच आली. आजही फ्रान्सची खूण म्हणजे लाल टोपीतली ती बाई, मारियान तिचं नाव.

पण चित्राबाहेरच्या जिवंत बायकांचं काय झालं? १७९३ साली पॅरिसमधल्या बायकांनी आपलं स्वतंत्र मंडळ काढलं होतं. धान्याचे भाव, साठेबाजी, देशाचं रक्षण यावर त्या सभा घ्यायच्या, सरकारकडे मागण्या न्यायच्या. त्यातल्या काही जणी लाल टोपी घालू लागल्या, आणि सगळ्या बायकांनी ती घालावी असा आग्रह धरू लागल्या. बाजारात बसणाऱ्या बायकांना ते पटेना. त्यांच्यात मारामारी झाली. हे भांडण निमित्त ठरलं. फ्रान्सच्या लोकसभेत एक सदस्य बोलला, की आज या टोपी मागतायत, उद्या कमरेचा पट्टा मागतील, मग पट्ट्यात पिस्तुलं मागतील. आणि ३० ऑक्टोबर १७९३ रोजी बायकांच्या सगळ्या मंडळांवर बंदी आली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मला बचत गटांत सांगाविशी वाटते, ती यासाठी. चित्रातल्या बाईच्या डोक्यावर टोपी चालली, कारण चित्रातली बाई काही मागत नाही. ती भावाबद्दल बोलत नाही, सभेला बसत नाही. आपल्याकडेही बाईला देवी म्हणायला कुणाची ना नसते. ग्रामसभेत तिनं पाणीपट्टीचा हिशेब विचारला की मात्र लोकांना तिचा पदर आठवतो. आणखी एक लक्षात ठेवायचं. त्या बायकांचं आपसांत भांडण टोपीवरून झालं, आणि बंद पडलं ते सगळ्यांचंच मंडळ. कुणी काय घालावं यावरून आपल्यात फूट पडली, की फायदा तिसऱ्याचाच होतो.

आपल्याकडची एक तसबीर

शेवटी एक आपल्या मातीतली तसबीर सांगते. ही कोरीव नाही, फोटो आहे. १० ऑक्टोबर १८८५, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी. एक जपानची, एक सिरियाची आणि एक आपली आनंदीबाई जोशी. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. आनंदीबाई साडीत. साहेबी हॅट एकीच्याही डोक्यावर नाही.

आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यानं नाव आनंदी ठेवलं. मातोआकाची रिबेका झाली, यमुनेची आनंदी झाली. नाव बदलणं ही बाईच्या वाट्याची जुनीच गोष्ट. १८८३ साली, अठराव्या वर्षी, ती समुद्र ओलांडून शिकायला गेली. जाण्याआधी तिनं कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला भर सभेत सांगितलं होतं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तिच्याही आयुष्यात नवऱ्याचा हट्ट होता, समाजाची बोलणी होती, थंडी होती, आजार होता. सगळंच तिच्या मनासारखं झालं असं नाही. पण कोणत्या वेशात जगासमोर उभं राहायचं हे तिनं ठरवलं. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. वय २१. मातोआकाच्या चित्रावर वय कोरलंय तेही २१.

दोघींना आयुष्य सारखंच तोकडं मिळालं. पण आनंदीबाईंची पत्रं आहेत, भाषण आहे, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत आपल्याकडे आहे. मातोआकाचं फक्त चित्र आहे, आणि तेही दुसऱ्यांनी सजवलेलं. म्हणून नुसता फोटो असून भागत नाही, बाईचं म्हणणं मागे राहिलं पाहिजे.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं घरातला एक जुना फोटो आणा, आजीचा, सासूचा, आत्याचा. आधी नुसता बघा. डोक्यावर पदर आहे का? तो तिनं रोज घ्यायची म्हणून घेतलाय, की फोटोवाल्यानं सांगितला म्हणून? दागिने तिचे होते की फोटोपुरते मागून आणलेले? मग घरातल्या थोरल्या बायांना विचारा, हिचं माहेरचं नाव काय होतं? फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा : माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, आणि तिची एक आठवण, तिच्याच शब्दांत सांगता आली तर उत्तम. पेनानं लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते.

आणि एक प्रश्न चर्चेला ठेवा. हल्ली गावात निवडून आलेल्या बाईचा सत्कार फेटा बांधून करतात. मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्या पोरीही फेटे बांधतात. छान दिसतं, अभिमान वाटतो. पण फेटा उतरल्यावर तिच्या शब्दाला ग्रामपंचायतीत तेवढंच वजन असतं का? यावर मोकळेपणानं बोला, आणि काय बोलणं झालं ते गटाच्या वहीत लिहून ठेवा.